अंबाबाई ते पंचगंगा, अनवाणी

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

आज पदयात्रेचा पहिला रविवार पार पडला. सकाळी साडेसहाला महाद्वारापाशी सात माणसं जमली. नाशिकचं चौघांचं कुटुंब, पुण्याच्या दोघी बहिणी आणि सोलापूरचे एक निवृत्त तलाठी. सगळी भैरवीने पाठवलेली. देवळामागच्या गल्लीत तिचं यात्री निवास आहे. दर्शन झाल्यावर उरलेली सकाळ कशी घालवायची हा तिच्या पाहुण्यांपुढचा प्रश्न, आणि मे अखेरीस मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यापासून तोच माझ्यापुढेही होता. तेहतीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसासमोर ऐकणारं कुणी नसलं की त्याचा घसा धरतो.

मार्ग असा: अंबाबाई, बिनखांबी गणेश, कपिलेश्वर, खोल खंडोबा आणि शेवटी पंचगंगा घाट. पावणेदोन किलोमीटर, दोन तास. मी आधी अकरा स्थळांची यादी केली होती. माझी पत्नी प्रमोदिनी हिने ती वाचली आणि म्हणाली, "एवढं कोण चालतंय? ही पाच घ्या. ह्याच ओळीनं." ही पाचच का, तर म्हणाली, "जमतं चालायला." वर्षातून एकदा ती या वाटेने एकटी जाऊन येते म्हणे. मला माहीत नव्हतं.

तिला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी धरायला आणि माणसं मोजायला बरोबर घेतलं होतं. कपिलेश्वराजवळ मी शिलाहारांपासून सुरुवात केली. पंचवीस मिनिटं बोललो. मग नाशिकच्या बाईंनी विचारलं, कपिलतीर्थ म्हणतात तर तीर्थ कुठे आहे? मी नकाशा काढेपर्यंत प्रमोदिनी मागून बोलली.

"तुमी उभ्या हाय तिथंच. ह्या भाजीमंडईखाली तळं होतं. माझी आई, चिमणाबाई, हितंच भाजी विकायची. सकाळी मेथीवर पाणी मारायच्या आधी एक ओंजळ खाली फरशीवर सोडायची. म्हणायची, खालच्या पाण्याला आधी वरचं पाणी. मी शाळंतनं आलो की मला पण सोडायला लावायची."

सगळे खाली बघायला लागले. तलाठीबुवांनी बाटलीतलं थोडं पाणी फरशीवर सोडलं. बाकीच्यांनीही सोडलं. बाटल्या संपल्या आणि घाटापर्यंत मी कोरड्या घशाने बोललो.

घरी आल्यावर तिला समजावलं. बाईने 'मी आले' म्हणावं, 'आलो' नव्हे. कोल्हापुरात चालतं, पण बाहेरगावचे लोक हसतात.

"कुणी हसलं न्हाई की," ती म्हणाली.

सोमवार, ११ नोव्हेंबर

भैरवीने पाहुण्यांचे अभिप्राय फोनवर वाचून दाखवले. "सर अभ्यासू आहेत." "काकूंना अजून ऐकायला आवडलं असतं." "काकूंची ओंजळ कायम लक्षात राहील." सातपैकी पाच अभिप्रायांत काकू.

प्रमोदिनीला सांगितलं की पुढच्या वेळी मधे बोलायचं नाही. ज्याचं काम त्याने करावं. "बरं," म्हणाली. तिचा हा गुण चांगला आहे.

रविवार, १७ नोव्हेंबर

अकरा जण. प्रचाराच्या रिक्षा पहाटेपासूनच फिरत असल्यामुळे आवाज चढवावा लागला. प्रमोदिनी एक शब्द बोलली नाही. तरी खोल खंडोबाच्या पायऱ्यांवर मी वळून पाहिलं तर माझ्यामागे तीन माणसं होती आणि बाकीची तिच्याबरोबर रेंगाळत येत होती. ती काही सांगत नव्हती. नुसती चालत होती.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदान करून आलो. सुट्टीचा दिवस होता म्हणून प्रमोदिनीला समोर बसवून तिच्याकडच्या सगळ्या गोष्टी वहीत उतरवून घेतल्या. ती मेथी निवडत सांगत होती. चौदा गोष्टी झाल्या. भाषा मी सुधारून घेतली.

"हे सगळं आता तुमी सांगणार?"

"हो."

"मग मी कशाला यायचं?"

"पिशवी कोण धरणार?"

ती हसली. आमच्या संसारात विनोदाला जागा आहे, हे स्नेहलला कधी पटत नाही. आमची मुलगी जरा तापट आहे. कबनूरला दिली आहे, जावई विश्वजित यांचे यंत्रमाग आहेत. तिथल्या खटखटाटात राहून ती मोठ्याने बोलायला लागली आहे.

रविवार, १ डिसेंबर

आज जे झालं ते सविस्तर लिहून ठेवतो.

चौदा गोष्टींपैकी नऊ सांगितल्या. शब्दोच्चार स्वच्छ, क्रम नीट. लोक ऐकत होते, पण फोनमध्येही बघत होते. घाटावर पोचल्यावर जळगावच्या एक वयस्क बाई प्रमोदिनीजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सर सांगतात ते ठीक, पण या देवांचा एकमेकांशी काय संबंध? या क्रमाने का आणलंत आम्हाला?"

प्रमोदिनीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणजे सांगू नको. तिने ती परवानगी समजली असावी.

"माझं पोर होतं," ती म्हणाली. "पृथ्वीराज. दीड वर्साचं. ताप उतरंना, छाती भरली होती. हे राधानगरीकडं शाळंत होते. डॉक्टर म्हटले, मोठ्या दवाखान्यात न्या. सासूबाई म्हटल्या, त्याला इचारल्याबिगर न्यायचं न्हाई. एसटीच्या कंडक्टरकडनं निरोप पाठवला. उलटा निरोप आला, मी आल्यावर बघू, तवर हलवू नका. मग मी काय करणार? दवाखान्याला परवानगी नव्हती. देवाला होती. पोराला उचललं आणि भाईर पडलो. चप्पल घालायचं पण सुधरलं न्हाई. अंबाबाईच्या उंबऱ्यावर घातलं. मग गणपतीला दाखवलं. कपिलेश्वरापशी आई भाजीवर होती, तिनं पाणी पाजलं, ते गालावरनं खाली आलं. खोल खंडोबाच्या पायऱ्या उतरताना त्याचा श्वास ऐकू येत होता. वर आलो तवा ऐकू येईना. तरी हितपर्यंत आलो. म्हटलं, अजून एक देव राहिलाय."

जळगावच्या बाईंनी तिचे हात धरले होते. दोन-तीन जणांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आवडली नाही.

इथे खुलासा करतो. मार्च १९९३. दहावीची परीक्षा चालू होती आणि केंद्राची जबाबदारी माझ्यावर होती. नोकरीला दुसरंच वर्ष. मोठ्या दवाखान्यांत अडाणी बायकांना फसवतात, म्हणून सावधगिरीचा निरोप दिला होता. भूमितीचा पेपर आटोपून मी निघालोच होतो. एकतीस वर्षांत प्रमोदिनीने हा विषय घरात एकदाही काढलेला नाही. चौदा गोष्टी सांगितल्या, तेव्हाही ही सांगितली नाही. परक्यांना सांगितली, याचं वाईट वाटलं.

सोमवार, २ डिसेंबर

भैरवीचा सकाळीच फोन. पुढच्या रविवारी एकोणीस जण. "सर, सगळी एकच इचारत्यात, त्या काकू असणार न्हवं?"

दिवसभर विचार केला. पदयात्रेला इतके दिवस कणा नव्हता, तो आता सापडला आहे. पण ही गोष्ट तिच्या तोंडी अशी वाटेल तशी सांडता कामा नये. ती माझीही आहे. मुलगा माझाही होता.

रविवार, ८ डिसेंबर

एक मोठी सुधारणा केली: पदयात्रा अनवाणी. त्या दिवशी प्रमोदिनी तशीच चालली होती, तेव्हा लोकांनाही तो अनुभव यावा. सगळ्यांनी आनंदाने चपला भैरवीकडे ठेवल्या. माझ्या टाचेचं हाड वाढलेलं असल्याने डॉक्टरांनी मऊ बूट सांगितले आहेत, त्यामुळे मला ते शक्य नाही. तसं सुरुवातीलाच जाहीर केलं.

घाटावर गोष्ट मी सांगितली. प्रमोदिनीला शेजारी उभं केलं. निरोपाचा भाग गाळला, तो ओघात बसत नाही. "मी त्याला उचललं आणि आम्ही दोघं निघालो," अशी सुरुवात केली. गोष्टीत खोल खंडोबाच्या पायऱ्यांवर मी थांबतो, कान त्याच्या छातीशी नेतो. तिथे मी स्वतःही थांबलो आणि आवाज खरोखर दाटून आला. तीन बायका रडल्या. एका गृहस्थांनी मला मिठी मारली.

घरी येताना ती म्हणाली, "तुमी नव्हता."

"कथेत मी लागतो. नाहीतर लोक विचारतात, वडील कुठे होते?"

"मग सांगायचं की, कुठं होता ते."

तिला निवेदनशास्त्र कळत नाही. कळावं अशी अपेक्षाही नाही.

रविवार, २२ डिसेंबर

तेवीस जण. यात्रा उत्तम. घरी आल्यावर सोप्याच्या फरशीवर तांबडे ठसे दिसले. देवळाच्या आवारात कुंकू सांडलेलं असतं, त्यात तिचा पाय पडला असणार. पुसायला लावले.

शनिवार, २८ डिसेंबर

प्रमोदिनी म्हणाली, उद्या चप्पल घालून येते. तळव्याला काही कळत नाही म्हणे, काय टोचलं, काय कापलं समजत नाही. मधुमेहाची गोळी आठ वर्षं चालू आहे, तेव्हा हे नवीन नाही. मी म्हटलं, कळत नाही म्हणजे दुखत नाही, मग अडचण काय? बाहेरगावची तीस माणसं अनवाणी, आणि जिची गोष्ट तीच चप्पल घालून आली तर ते खोटं वाटेल.

"बरं," म्हणाली.

रविवार, ५ जानेवारी २०२५

यात्रा संपल्यावर भैरवीने मला बाजूला बोलावलं. "सर, काकूंचा पाय बघितलासा?"

"काय झालं?"

"अंगठ्याखाली भोक पडलंय. त्या फडकं गुंडाळून चालत्यात. मी इचारलं तर म्हणत्यात, हळद लावलीया."

मी सांगितलं, बघतो. भैरवीचा स्वभाव काळजीखोर आहे. यात्री निवास चालवणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवय लागतेच.

संध्याकाळी पाय पाहिला. जखम रुपयाएवढी. फडकं बदलायला सांगितलं.

गुरुवार, १६ जानेवारी

घरात दोन दिवस वास येतो आहे. मोरी तुंबली असावी. माणूस बोलावून साफ करून घेतली. वास आहेच.

रविवार, १९ जानेवारी

आज ती मागे पडत होती. कपिलेश्वरापाशी सात मिनिटं थांबावं लागलं. लोक समजून घेतात. किंबहुना ती लंगडत आली की वातावरण तयारच असतं, मला घाटावर कमी बोलावं लागतं.

मंगळवार, २१ जानेवारी

मुंबईच्या एका मंडळाचा फोन. किरणोत्सवाला चाळीस जण येणार आहेत, मावळतीची किरणं देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढताना बघायला. रविवारी दोन फेब्रुवारीला त्यांना आपली पदयात्रा हवी आहे. ही आजवरची सर्वांत मोठी. त्यांचे अध्यक्ष म्हणाले, "आम्ही सरांबद्दल खूप ऐकलंय." सरांबद्दल, असंच म्हणाले.

प्रमोदिनीला रात्रीपासून कणकण आहे. स्नेहलने फोनवर आरडाओरडा केला की आईला आजच्या आज दवाखान्यात न्या. मी शांतपणे सांगितलं, किरणोत्सव झाला की नेतो. तोवर हलवाहलव नको. मोठ्या दवाखान्यात एकदा शिरलं की ते आठ दिवस सोडत नाहीत.

स्नेहल म्हणाली, "बाबा, तुम्ही आत्ता काय बोललात ते कळलं का तुम्हाला?"

मी म्हटलं, सगळं कळून बोललो.

रविवार, २ फेब्रुवारी

त्रेचाळीस माणसं. महाद्वारापासून रांग लागल्यासारखं दिसत होतं. दुकानदार बाहेर येऊन बघत होते.

प्रमोदिनीने निघताना साडीचा काठ पायावर सोडला होता, त्यामुळे पट्टी दिसत नव्हती. अंबाबाई झाली, गणेश झाला. कपिलेश्वरापाशी तिने मंडईतल्या एका बाईकडून पाणी मागून घेतलं आणि पायावर ओतलं. "काय वाटतंय?" मी विचारलं. "काहीच न्हाई," म्हणाली. चेहरा लाल झाला होता.

खोल खंडोबाच्या पायऱ्यांवर ती बसली. मी खालून हाक मारली. "मी हितंच थांबतो," म्हणाली. पुन्हा 'थांबतो'. चाळीस माणसं बघत होती म्हणून काही बोललो नाही. वर आल्यावर हळूच सांगितलं, अजून एकच राहिलंय, घाट. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ओळखीचा नाही.

शेवटी तिला तिथेच बसवून पुढे गेलो. त्रेचाळीस माणसांना अर्ध्यात सोडता येत नाही. घाटावर आज मी जसा बोललो तसा कधीच बोललो नव्हतो. ती शेजारी नसल्यामुळे बरंच मोकळं वाटलं. मंडळाच्या अध्यक्षांनी शाल दिली.

परत आलो तर पायऱ्यांवर ती नव्हती. फुलवाल्या बाईने सांगितलं, यात्री निवासवाली आली आणि रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. मला न विचारता.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पाऊल कापलं. आधी बोटं म्हणाले होते. आत गेल्यावर घोट्याच्या वर जावं लागलं.

डॉक्टर वयाने लहान आहेत पण बोलायची पद्धत नाही. "दोन महिन्यांची जखम आहे ही. तुम्ही काय बघत होता?" मी सांगितलं, ती कधी कण्हली नाही. ते म्हणाले, "तिला कळतच नव्हतं हो. तुम्हाला कळायला पाहिजे होतं."

शुद्धीवर आल्यावर प्रमोदिनीने त्यांना एकच प्रश्न विचारला. मार्चमध्ये चालता येईल का. डॉक्टर म्हणाले, या वर्षी विसरा. मग तिने भिंतीकडे तोंड केलं. मार्चमध्ये कुठे जायचं होतं हे मला सांगितलं नाही. एखादं लग्न असेल.

बुधवार, १२ फेब्रुवारी

स्नेहल आणि विश्वजित गाडी घेऊन आले आणि दवाखान्यातूनच तिला कबनूरला घेऊन गेले. मी म्हटलं, घर मंगळवार पेठेत आहे, तिच्या आईचंच घर आहे, तिथे सवय असते. स्नेहल म्हणाली, "त्या घराला जिना आहे आणि तुम्ही आहात." जावयांसमोर बोलली.

प्रमोदिनीला विचारलं, तुझी काय इच्छा? ती म्हणाली, "चाकाच्या खुर्चीत बसवा मला." एवढंच.

रविवार, १६ फेब्रुवारी

नऊ जण. सगळ्यांनी विचारलं, काकू कुठे? मुलीकडे गेल्यात म्हटल्यावर दोघं अर्ध्या वाटेतून परतले. घाटावर गोष्ट सांगताना एक मुलगी पाण्याकडे बघत उभी होती. शेवटी म्हणाली, "हे त्यांनी सांगितलं असतं तर…"

रविवार, २३ फेब्रुवारी

आज एक चमत्कारिक गोष्ट घडली. ती जशी घडली तशी लिहितो, कारण मी मुद्दाम काही केलं नाही.

घाटावर साताऱ्याच्या एका बाईंनी विचारलं, "त्या काकू नाहीत का?" मी म्हणालो, "त्या आता नाहीत." म्हणजे इथे नाहीत, एवढ्याच अर्थाने. बाईंनी पदर तोंडाला लावला. "कधी गेल्या?" मी म्हणालो, "दोन फेब्रुवारीला. खोल खंडोबाच्या पायऱ्यांवर बसल्या, त्या उठल्या नाहीत." यात चुकीचं एकही वाक्य नाही.

सगळे उभे राहिले. कुणी न सांगता दोन मिनिटं शांतता. एकाने पाण्यात फूल सोडलं. मला भरून आलं. गेल्या महिन्यात माझ्यावर काय गुजरलं आहे याची कुणी आजवर विचारपूस केली नव्हती. आज सतरा अनोळखी माणसांनी केली.

रविवार, २ मार्च

अठ्ठावीस जण. तिचा स्नेहलच्या लग्नातला फोटो मोठा करून घेतला आहे. घाटावर पायरीवर ठेवतो. गोष्ट आता पूर्ण वाटते: मुलाला घेऊन जी शेवटच्या देवापर्यंत गेली, ती स्वतः मात्र चौथ्या देवापाशी थांबली. हे वाक्य मला चालता चालता सुचलं.

भैरवी घाटावर आली होती, कुठून कळलं कोण जाणे. फोटो बघून तिथेच म्हणाली, "सर, जित्या माणसाला हार घातलासा?"

हार घातलेला नाही. फक्त एक फूल ठेवतो. तसं सांगितलं. ती म्हणाली, यापुढे माझा एक पाहुणा तुमच्याकडं येणार न्हाई. आता मला तिची गरजही राहिलेली नाही. लोक एकमेकांचं वाचून येतात.

सोमवार, १० मार्च

कालच्या एका बाईंनी इंटरनेटवर फोटोसकट लिहिलं आहे: कै. प्रमोदिनीताईंना भावपूर्ण श्रद्धांजली, अशी आई, अशी पत्नी पुन्हा होणे नाही. चार हजार लोकांनी वाचलं. माझा उल्लेख 'या दुःखाला उभारी देणारा एक वृद्ध शिक्षक' असा आहे. वृद्ध हा शब्द खटकला.

बुधवार, १२ मार्च

सकाळी स्नेहलचा फोन. तो श्रद्धांजलीचा मजकूर फिरत फिरत कबनूरला पोचला, आणि शेजारच्या बाया पांढऱ्या साड्या नेसून तिच्या दारात आल्या. आई दारातच चाकाच्या खुर्चीत बसून तांदूळ निवडत होती. एक बाई किंचाळून पळाली म्हणे. स्नेहल मला बरंच बोलली. मी तिला बोलू दिलं. मग मागून आवाज आला, "दे हिकडं." प्रमोदिनीने फोन घेतला. दवाखान्यानंतर पहिल्यांदाच बोललो.

तब्येत विचारली. बरी आहे म्हणाली. मागचे माग ऐकू येत होते.

मी तिला समजावून सांगितलं की हे ठरवून झालेलं नाही, एका शब्दाचा अर्थ लोकांनी वेगळा घेतला. आता दुरुस्त करायला गेलो तर पदयात्रा संपेल, आणि पदयात्रा संपली तर मी काय करायचं? तीस-तीस माणसं तिच्यासाठी डोळे पुसतात, हेही सांगितलं.

ती ऐकून घेत होती.

मग म्हणाली, "असू दे. लोकांस्नी मेलो म्हणून सांगितलासा ते बरं केलं. मेलेल्या माणसाला कुणी परत न्यायला येत न्हाई. तुमी पण येऊ नका."

"रागावली नाहीस ना?"

"न्हाई. मला आता राग पण कळंना झालाय. त्या पायासारखं."

मी म्हटलं, विश्रांती घे.

"एकच आयका," ती म्हणाली. "माझं काय बी सांगा. पण त्या गोष्टीत पृथ्वीचं नाव घेऊ नका. ते नाव माझ्यापाशी राहू दे. तेवढं एकच मागतो."

मी शब्द दिला. तिने फोन स्नेहलला न देता ठेवून दिला.

जीव भांड्यात पडला. इतके दिवस मनाला एक टोचणी होती की तिला काय वाटेल. तिची हरकत नाही, उलट तिने बरं केलं म्हणून सांगितलं. चौतीस-पस्तीस वर्षांच्या संसारात माणसं एकमेकांना अशी समजून घेतात, हे आजच्या पिढीला सांगून कळणार नाही.

दुपारी वही घेऊन बसलो. तिने काहीतरी मागायची ही बहुधा पहिलीच वेळ, तेव्हा तिचा शब्द मोडायचा नाही. पृथ्वीराज हे नाव गोष्टीत सहा ठिकाणी येतं. सहाही ठिकाणी खोडलं आणि राजवीर केलं. मोठ्याने वाचून पाहिलं. घाटावर हे नाव जास्त लांबवर ऐकू जाईल.

रविवारी एकतीस जण आहेत.